कपाटातील बारा गणकयंत्रे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘आपले विद्यालय आणि संगणक शिक्षण’ या विषयावर लिहिण्याची विनंती केली, तेव्हा गौरवपर चार पाने लिहून देणे आम्हांस सोपे होते. विद्यालयाची नवी संगणक प्रयोगशाळा उभी राहत आहे, तिच्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी यथाशक्ती निधी दिला आहे, त्यात आमचाही लहानसा वाटा आहे. परंतु ज्या संस्थेने आम्हांला प्रश्न विचारण्याची सवय लावली, तिच्याच स्मरणिकेत काही न विचारता लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. आमचा प्रश्न एकच आहे. वर्ग सुटल्यावर, सायंवंदना आणि भोजन आटोपल्यावर, दिवे मालवण्यापूर्वीचा जो एक मोकळा तास वसतिगृहातील मुलांना मिळतो, त्या तासात यंत्र कोठे असते?

आम्ही म्हणजे या वसतिगृहात सहा वर्षे शेजारी शेजारी ट्रंका ठेवून राहिलेले दोघे. आमच्यापैकी एक जण अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. दुसरा पुण्यात आज्ञावल्या लिहिण्याच्या, म्हणजे प्रोग्रामिंगच्या व्यवसायात आहे. पुढील मजकूर दोघांनी मिळून, बराच वाद घालून लिहिला आहे. जेथे वाद मिटला नाही तेथे तसे म्हटले आहे.

१९९२ साली आम्ही आठवीत होतो. विद्यालयात चार संगणक होते. त्यांवर प्लॅस्टिकची आच्छादने असत, खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असे. वर्षभरात आम्ही त्या खोलीत तीन वेळा गेलो, तेही यंत्र पाहण्यासाठी. बेसिक ही संगणकाची भाषा मात्र आम्हांस शिकविली गेली: फळ्यावर आणि वहीत. ती वही दोन वर्षांपूर्वी घराच्या रंगकामाच्या वेळी माळ्यावर सापडली. तीत एक ते दहा या संख्यांची बेरीज करणारी आज्ञावली आहे. दहाव्या ओळीत बेरीज शून्य करावयाची, विसाव्या ओळीत संख्या १ घ्यावयाची, तिसाव्या ओळीत ती बेरजेत मिळवावयाची, चाळिसाव्या ओळीत संख्या एकाने वाढवावयाची, आणि पन्नासाव्या ओळीत, संख्या दहापर्यंत असेल तर मागे जावयाचे. आम्ही लिहिले होते की मागे विसाव्या ओळीवर जावे. जावयास हवे होते तिसाव्या ओळीवर. विसाव्या ओळीवर गेले की संख्या पुन्हा १ होते. ती दोनच्या पुढे कधीच सरकत नाही. ही आज्ञावली यंत्रावर चढविली असती तर ती आपणहून कधीच थांबली नसती. वहीत तिच्यापुढे लाल शाईत बरोबरची खूण आहे, आणि पाचपैकी पाच गुण.

हे गुरुजींना दोष देण्यासाठी सांगत नाही. त्या आज्ञावल्या चालवून पाहण्याची सोय त्यांनाही नव्हती, आणि चाळीस वह्या त्यांनी कंदिलाच्या उजेडात तपासल्या होत्या. सांगावयाचे ते एवढेच, की कागद हरकत घेत नाही. ज्याला हरकत घेणारे काही मिळाले नाही, तो आपल्याला सारे येते अशा समजुतीत मोठा होतो. आमच्यापैकी जो पुढे या व्यवसायात गेला, त्याची ही समजूत अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पहिल्या सहामाहीत उतरली. शहरातून आलेली मुले तोवर घरच्या यंत्रावर शेकडो चुका करून मोकळी झाली होती. त्यांच्या पहिल्या चुका कोणी पाहिल्या नव्हत्या. आमच्या सर्वांसमोर झाल्या.

आता अमेरिकेतील गोष्ट सांगतो, कारण तेथे आम्ही याच्या नेमके उलट पाहिले. ग्राफिंग कॅल्क्युलेटर म्हणजे समीकरण दिले असता त्याचा आलेख पडद्यावर काढून दाखविणारे, तळहातावर मावणारे गणकयंत्र. या जातीचे बाजारात आलेले पहिले यंत्र कॅसिओ कंपनीचे एफएक्स-७०००जी, १९८५ सालचे. त्यात आज्ञावल्यांसाठी ४२२ बाइट जागा होती, म्हणजे हा परिच्छेदसुद्धा तीत मावला नसता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८१ हे १९९० साली आले. १९९५ पासून तेथील एपी कॅल्क्युलस या परीक्षेत असे यंत्र आवश्यक ठरले आणि हायस्कूलच्या मुलांच्या दप्तरात ते कायमचे जाऊन बसले. २००४ साली आलेले टीआय-८४ प्लस आजही तेथील वर्गांत दिसते. त्यातील झेड-८० हा प्रोसेसर मुळात १९७६ सालचा. मुलाच्या वापरासाठी मोकळी स्मृती सुमारे २४ किलोबाइट. पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा; त्यावर मजकुराच्या आठ ओळी, आणि प्रत्येक ओळीत सोळा अक्षरे. इंटरनेट नाही, चित्रपट नाही. आजच्या मोबाइलशेजारी हे यंत्र म्हणजे मोटारीशेजारी बैलगाडी.

त्यात एक कळ आज्ञावल्यांची आहे. ती दाबली की नवी आज्ञावली लिहिता येते, आणि तिची भाषा बेसिकच्याच घराण्यातील आहे. ही बेसिक १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोघा गणिताच्या प्राध्यापकांनी तयार केली. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. ग्रंथालयातील फडताळे जशी सर्वांना मोकळी असतात तसा संगणक मोकळा असावा, असा त्यांचा आग्रह होता. हीच भाषा आमच्या वहीत आली होती. फडताळ मात्र आले नव्हते.

या यंत्रावर मूल पहिली आज्ञावली बहुधा वर्गसमीकरणाची लिहिते. ए, बी आणि सी या किमती मागावयाच्या, सूत्र लावावयाचे, दोन मुळे दाखवावयाची. चार ओळींचे काम. आज्ञा एकेक अक्षर जुळवून लिहाव्या लागत नाहीत; किंमत मागणारी ‘प्रॉम्प्ट’, उत्तर दाखविणारी ‘डिस्प’, अट घालणारी ‘इफ’ या साऱ्या यादीतून निवडता येतात, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगची भीती तेथे आड येत नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

मग चुका सुरू होतात, आणि आमच्या मते तेच या यंत्राचे खरे शिक्षण. त्यावर वजा चिन्हाच्या दोन कळा आहेत: एक वजाबाकीची, दुसरी ऋण संख्येची. सूत्राच्या आरंभी मुलाने वजाबाकीची कळ दाबली की यंत्र ‘सिंटॅक्स’ची चूक दाखविते आणि विचारते, सोडून द्यावयाचे की चुकीच्या जागी जावयाचे? जावयाचे म्हटले की निर्देशक थेट त्या चिन्हावर जाऊन लुकलुकतो. ऋण पाच आणि ‘त्यातून पाच वजा’ यांत भेद आहे, हे सातवीत पाठ केलेले वाक्य मुलाला त्या क्षणी प्रथम कळते.

याहून सूक्ष्म चूक छेदाची. मूल सूत्राचा अंश कंसात घालते आणि पुढे ‘भागिले २ए’ असे लिहिते. एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा या समीकरणाला उत्तर येते ३ आणि २. बरोबर. मूल आनंदाने शेजाऱ्याला दाखविते. शेजारी तेच समीकरण दोनाने गुणून देतो: दोन एक्स वर्ग वजा दहा एक्स अधिक बारा. मुळे तीच यावयास हवीत. येतात १२ आणि ८. यंत्र बिघडले, असे मूल म्हणते. यंत्र बिघडलेले नसते. ते डावीकडून उजवीकडे जात आधी दोनाने भागते आणि मग एने गुणते, कारण २ए भोवती कंस नाही. पहिल्या समीकरणात ए एक होता म्हणून चूक लपून राहिली. न्यू जर्सीच्या वर्गात हा प्रसंग आम्ही दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी तोंड मिटून बसतो. कोणी अर्ध्या तासात शोधते, कोणी दुसऱ्या दिवशी येऊन सांगते. एक उदाहरण बरोबर आले म्हणून नियम बरोबर ठरत नाही, हा धडा देण्यासाठी आम्हांला याहून चांगले साधन मिळालेले नाही. पुढे अशी वेळ येते की बी वर्गातून चार एसी वजा केले असता उत्तर ऋण येते. तेव्हा यंत्र थांबून सांगते की उत्तर वास्तव संख्येत नाही. मग मुलाला अट घालावी लागते, आणि ज्याला ते ‘डेल्टा’ म्हणून घोकत होते त्याचा उपयोग कळतो.

न थांबणारी आज्ञावलीही तेथे एका मुलीने आमच्यासमोर लिहिली. आमच्या वहीतली चूक जशीच्या तशी. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात यंत्र काम करीत असल्याची बारीक रेघ हलत राहिली. तिने काही क्षण वाट पाहिली, मग ‘ऑन’ची कळ दाबून ती थांबविली, आणि ओळी पुन्हा वाचू लागली. चूक तिला चार मिनिटांत सापडली. आम्हांला ती सापडण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग ही यंत्रे सर्व शाळांना द्यावीत. आमचे म्हणणे तसे नाही. नवे यंत्र शंभर डॉलरच्या पुढे जाते, आणि एवढ्या पैशांत आज त्याहून पुष्कळ सामर्थ्यवान वस्तू मिळतात. शिवाय त्याच वर्गात आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली, आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. सर्व पालकांना यंत्र विकत घेणे परवडत नाही. म्हणून वर्गाच्या भिंतीवर क्रमांक घातलेल्या खिशांचा एक पडदा टांगलेला असतो. प्रत्येक खिशात शाळेचे एक यंत्र. मूल वर्गात येताना ते घेते, घंटा झाली की परत ठेवते. पुढच्या तासाला तेच यंत्र दुसऱ्याच्या हाती जाते, आणि परीक्षेपूर्वी त्यांची स्मृती पुसली जाते. काल लिहिलेली आज्ञावली आज तेथे असेलच असे नाही.

भिंतीवरचे यंत्र आणि दप्तरातले यंत्र, दोन्ही एकाच बनावटीची असतात. शिक्षक तेच, पुस्तक तेच. तरीही आज्ञावल्या लिहावयास शिकलेली मुले मोजली, तर आमच्या अनुभवात ती जवळजवळ सारी दप्तरातल्या यंत्रांची मालक असतात. ती वर्गात शिकत नाहीत. शाळेच्या बसमध्ये, जेवणाच्या सुटीत, इतिहासाच्या कंटाळवाण्या तासाला बाकाखाली (इतिहासाच्या शिक्षकांनी क्षमा करावी) ती शिकतात. एक जण सापाचा खेळ लिहितो, दुसरा तो तारेने आपल्या यंत्रात उतरवून घेतो आणि सापाचा वेग वाढविण्यासाठी आतील ओळी उघडून पाहतो. भिंतीवरच्या यंत्रांची मुले तितकीच हुशार असतात. त्यांच्याकडे रिकामा वेळ असतो तेव्हा यंत्र नसते, आणि यंत्र असते तेव्हा रिकामा वेळ नसतो. ही मुले बहुधा कोणत्या वस्तीतून येतात, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

हे पाहिल्यामुळे आम्ही दोन वर्षांपूर्वी वापरलेली बारा यंत्रे स्वस्तात जमवून येथे आणून दिली. गेल्या जानेवारीत विद्यालयात आलो तेव्हा ती कार्यालयातील काचेच्या कपाटात मांडलेली दिसली. खाली ‘माजी विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट’ अशी सुबक पाटी होती. सेल गळून यंत्रे खराब होऊ नयेत म्हणून प्रत्येकाचे चारही सेल काढून, मोजून, अठ्ठेचाळीस सेल एका पिशवीत जपून ठेवलेले होते. त्या काळजीपुढे आम्ही काय बोलणार? राग आला असता तर सोपे झाले असते. गृहपाल सरांनी नंतर जे सांगितले ते त्याहून खरे होते: यंत्रे डेडस्टॉक रजिस्टरवर चढली आहेत, वसतिगृहात दिली आणि एखादे हरविले तर भरपाई कोणाच्या पगारातून व्हावयाची? भीती अनाठायी नाही. कुलूप दुष्टपणामुळे लागत नाही. हरविल्याची जबाबदारी एका माणसावर आणि न वापरल्याची कोणावरच नाही, म्हणून ते लागते.

भन्तेजींनी मध्यस्थी केली आणि दोन आठवड्यांसाठी यंत्रे नववीच्या मुलामुलींच्या हाती, रात्रीसुद्धा, राहू दिली. छत्तीस मुले, म्हणजे तिघांत एक यंत्र. आम्ही पहिल्या दिवशी दोन तास शिकविले, बाकी काही केले नाही. शेवटच्या दिवशी पाहिले तर सात जणांनी काही केले नव्हते. ते लपविण्याचे कारण नाही. बहुतेकांनी पाढे विचारणारे आणि यंत्राने मनात धरलेली संख्या ओळखण्याचे खेळ लिहिले होते. एका मुलीने स्वयंपाकघरासाठी आज्ञावली लिहिली: हजर मुलांची संख्या घालावी, तांदूळ किती किलो ते कळावे. मावशींनी ती पाहून सांगितले की आम्ही तांदूळ किलोने नव्हे, डब्याच्या मापाने घेतो. तिने ते माप शाळेच्या काट्यावर तोलून आज्ञावली बदलली. मग मावशी म्हणाल्या, नवा तांदूळ आणि जुना तांदूळ सारखा फुगत नाही. तेव्हा तिने आणखी एक प्रश्न वाढविला: नवा असेल तर १ दाबा, जुना असेल तर २. पुण्यातील आमच्या कार्यालयात ग्राहकाची गरज समजून घेण्याचे प्रशिक्षण असते. ते यापेक्षा फार निराळे नसते.

आक्षेप आम्ही ऐकले आहेत. कॅल्क्युलेटरने मुलांचे पाढे बिघडतील, असे काही शिक्षक म्हणतात. आयते उत्तर देणाऱ्या यंत्राबाबत ते खरे असेल. पण ज्याने उत्तर काढण्याची रीत स्वतः लिहिली, त्याला ती येतच असते. दुसऱ्याची आज्ञावली तारेने उतरवून घेणारे निघतील, त्यांना ओळ समजावून सांगावयास लावावे; न्यू जर्सीत आम्ही तेच करतो. बारावीच्या प्रश्नपत्रिकेवर लॉग टेबलला परवानगी आणि कॅल्क्युलेटरला मनाई छापलेली असते, मग याचा उपयोग काय, असेही विचारले गेले. परीक्षेत नेण्यासाठी ही यंत्रे आणलीच नव्हती. हार्मोनियमही परीक्षेत नेता येत नाही.

आता आज्ञावल्या कृत्रिम बुद्धिमत्ताच लिहून देते, मग मुलांनी का शिकावे, या प्रश्नावर आमच्या दोघांत मतभेद आहे. शिक्षकाचे म्हणणे, शिकण्याचा हेतू नोकरी नव्हताच. व्यावसायिकाचे म्हणणे, आमच्या मुलांपुढे नोकरीचा प्रश्न नाही असे म्हणण्याची चैन आपल्याला परवडत नाही. पण यंत्राने लिहून दिलेल्या ओळीत विसाऐवजी तीस हवे होते हे ज्याला दिसेल, त्यालाच उद्या काम राहील. मार्ग निराळे असले तरी दोघेही त्याच वहीपाशी येतो.

नव्या प्रयोगशाळेला आमचा विरोध नाही. ती व्हावी. आठवड्याला चाळीस मिनिटे मोठ्या पडद्यासमोर बसण्याचाही उपयोग आहे. आमची विनंती अशी की जमलेल्या निधीचा काही भाग अशा वस्तूंवर खर्च व्हावा ज्या रात्री मुलांजवळ राहतील. त्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरच असाव्यात असे मुळीच नाही. इंटरनेट नसलेली, सेलवर चालणारी, पडली तरी न फुटणारी, आणि आज लिहिलेले उद्यापर्यंत जपणारी कोणतीही लहान वस्तू चालेल. त्या ‘भेटवस्तू’ म्हणून न नोंदविता वह्यापुस्तकांप्रमाणे उपभोग्य साहित्य म्हणून नोंदवाव्यात. दरवर्षी दहांत एक हरवेल किंवा फुटेल असे आधीच गृहीत धरावे. ते नुकसान आमच्या तुकडीने भरून द्यावयाचे, गृहपालांच्या पगाराला हात लागावयाचा नाही, असे पत्र आम्ही बावीस जणांच्या सह्यांनिशी संस्थेस दिले आहे. व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत ते विचारासाठी येईल.

तांदळाची आज्ञावली लिहिणारी मुलगी उन्हाळ्याच्या सुटीत एक यंत्र गावी घेऊन गेली आहे. गृहपाल सरांनी स्वतःच्या जबाबदारीवर ते दिले, वहीत तिच्या नावापुढे क्रमांक लिहून घेतला आणि परतीच्या रकान्यात जूनमधील शाळा उघडण्याचा दिवस टाकला. जाताना तिने चार जादा सेल मागून घेतले. उरलेली अकरा यंत्रे, हा मजकूर छपाईस जात असताना, कपाटात आहेत.